रोजच्या गोल्डचं रुटीन: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमधे आणि मेसेजमधे एकाच गेमचे प्रश्न सगळ्यात जास्त होते, ओल्ड स्कूल रूनस्केप, म्हणून पूर्ण पान त्यालाच दिलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंब्रिजच्या जेगेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ चा जुना बॅकअप काढून फेब्रुवारी २०१३ मधे हा गेम परत सुरू केला, आणि ऑक्टोबर २०१८ पासून तो मोबाइलवर पण आहे, कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्हीवर एकच अकाउंट चालतं. यातल्या सोन्याच्या नाण्यांना जीपी म्हणतात, आणि जिथे सगळी खरेदी-विक्री होते त्या बाजाराला ग्रँड एक्स्चेंज, पण सगळे नुसतं जीई म्हणतात. गेम फुकट पण खेळता येतो, पैसे भरून जास्तीचा भाग उघडतो त्याला मेंबरशिप, आणि गेममधे दिलेली एखादी कामगिरी पूर्ण करायची त्याला क्वेस्ट म्हणतात. आता प्रश्न.

ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंबरशिप घेतलीये, फार्मिंग लेव्हल ३८ आहे. रोज रात्री जेवण झालं की बसतो ते एक-दीड वाजतात, कधी विलो तोडतो, कधी लोखंड खणतो, कोणी सांगितलं म्हणून गाईंची कातडी पण गोळा केली, पण बँकेत बघावं तर गोल्ड आहे तिथेच. कॉलेज सांभाळून करता येईल असं रोजचं पक्कं रुटीन सांगा ना. — एक वाचक, चोपडा

भाऊ, तुझी मेहनत कमी नाहीये, ती चुकीच्या कामावर खर्च होतेय एवढंच. विलो तोडायची, लोखंड खणायचं, यात तू जितका वेळ बसशील तितकंच मिळतं आणि तासाचं बघितलं तर तेही किरकोळच, उठलास की कमाई बंद. पण या गेममधे अशी पण कामं आहेत जी तू लॉगआउट केलं, मोबाइल खिशात टाकला, लेक्चरला जाऊन बसलास तरी मागे चालूच राहतात, आणि रोजचं रुटीन बांधायचं असेल तर ते या कामांभोवतीच बांधायचं, हे एक डोक्यात पक्कं कर म्हणजे बाकीचं आपोआप बसतं.

यात पहिलं काम म्हणजे हर्ब रन, रन म्हणजे सगळ्या शेतांवरची एक फेरी. औषधी पाल्याचं बी लावायचं, साधारण ८० मिनिटांत पीक तयार होतं, आणि तयार झालं की तू येईपर्यंत तसंच उभं राहतं, उशीर झाला म्हणून खराब होत नाही. तुझ्या लेव्हलला रॅनार (३२ ला उघडतं) आणि टोडफ्लॅक्स (३८ ला) ही दोन्ही लावता येतात, पुढे ६२ ला स्नॅपड्रॅगन येतं. यातलं कोणतं लावायचं हे कोणाला विचारू नको, जीईवर बियाणाचा भाव बघ, पाल्याचा भाव बघ, दोन्ही मोबाइलवरच दिसतात, आणि ज्याच्यात त्या दिवशी फरक जास्त ते लाव. आवडतं पीक वगैरे काही ठेवायचं नाही.

जागा आधी चारच धर: कॅथर्बी, फॅलाडोरच्या खालची, आर्डॉइनच्या वरची, आणि पोर्ट फॅझमाटिसजवळची. फॅझमाटिसला जायला आधी प्रीस्ट इन पेरिल क्वेस्ट लागते, आणि गोस्ट्स अहॉय केलीस तर एक्टोफायल मिळतं, ते वापरलं की सरळ त्या शेताजवळ उतरतोस. टेलिपोर्ट म्हणजे न चालता एकदम तिथे पोचणं, त्यासाठी फॅलाडोरला एक्स्प्लोरर्स रिंग, आर्डॉइनला तिथल्या डायरीचा (म्हणजे त्या भागातल्या कामांच्या यादीचा) क्लोक, कॅथर्बीला कॅमेलॉट टेलिपोर्ट. हे मी एवढं सविस्तर का सांगतेय, कारण हर्ब रनची कमाई पाल्यात जितकी आहे तितकीच चालण्यात वाचलेल्या वेळात आहे. चार-पाच शेतं टेलिपोर्टने पाच-सात मिनिटांत होतात, आणि पायी फिरलास तर तीच पंचवीस मिनिटं खातात आणि आठ दिवसांत तुला कंटाळा येऊन रुटीन बंद पडतं. म्हणून पहिला आठवडा गोल्ड मोजूच नको, या क्वेस्ट पूर्ण कर. फेअरीटेल एक नावाची क्वेस्ट पण यातच घे, त्यातून मॅजिक सेकेटर्स म्हणजे जादूची कात्री मिळते, ती हातात किंवा बॅगेत असली की हर्बचं उत्पन्न १० टक्के वाढतं, कायमचं. एकदाच कष्ट आणि मग प्रत्येक रनला फायदा, असं दुसरं काही मला या गेममधे सापडलं नाही.

खताला कंजूषी करू नको. काहीच न टाकता लावलं तर जगलेल्या रोपातून कमीत कमी ३ पानं मिळतात, अल्ट्राकंपोस्ट टाकलं तर कमीत कमी ६, आणि रोग लागायची शक्यता पण बरीच घटते. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको खरं तर, पण खूप जण बियाणं महागाचं घेतात आणि खतात थोडे जीपी वाचवायला जातात आणि निम्मी रोपं मेलेली बघतात. पाला काढला की शेताशेजारी जो टूल लेप्रिकॉन उभा असतो त्याच्याकडे दे, तो नोट करून देतो, म्हणजे बॅगेत एकाच खान्यात सगळं बसतं आणि मधे बँकेत जायची गरज पडत नाही.

आता हिशेब. आकडे नुसते पद्धत कळावी म्हणून धरतेय, भाव रोज बदलतात. समजा बी २०,००० ला पडलं आणि तू ५ जागी लावलं, म्हणजे १ लाख गेले. एक रोप मेलं, चार जगली, प्रत्येकी ७ पानं, म्हणजे २८. पान ७,००० ला विकलं तर १,९६,००० आले. पण जीईवर विक्रीला २ टक्के टॅक्स आहे (२०२१ च्या डिसेंबरमधे १ टक्का लागला होता, २०२५ मधे २ केला), तो ३,९२० कापला जातो. खत आणि टेलिपोर्टचे ५,००० धर. हातात राहिले साधारण ८७,०००. तू १,९६,००० बघून खूष होतोस आणि खरी कमाई ८७,००० ची असते, आणि "गोल्ड वाढतच नाही" असं वाटायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एक छोटी वही ठेव, प्रत्येक रनला तीनच आकडे लिही: किती गेले, किती आले, किती मिनिटं लागली. पंधरा दिवसांनी वही बघितलीस की कोणतं काम टाकून द्यायचं ते तुझं तुलाच दिसेल.

दुसरं काम बर्डहाउस. बोन व्हॉयेज क्वेस्ट झाली की फॉसिल आयलंडला जाता येतं, तिथे चार ठिकाणी पक्ष्यांची घरं लावायची, प्रत्येकात हलक्या जातीचं १० बी टाकायचं, आणि साधारण ५० मिनिटांनी येऊन काढायचं. यातून हंटर म्हणजे शिकारीची लेव्हल वाढते आणि नेस्ट म्हणजे घरटी मिळतात, ती विकली जातात. चारही घरं दीड-दोन मिनिटांत होतात, हर्ब रनला जोडूनच कर.

तिसरं, रोजचा कोटा असलेली कामं. गेममधला दिवस आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला बदलतो, कारण त्यांचा दिवस रात्री बाराला युटीसीप्रमाणे बदलतो. व्हॅरॉकची डायरी केलेल्याला तिथला दुकानदार झॅफ रोज ठरावीक बॅटलस्टाफ (लढाईच्या काठ्या) ७,००० ला एक असे देतो, सोपी डायरी झाली तर १५, मीडियमला ३०, हार्डला ६०, एलिटला १२०. घ्यायचे आणि जीईवर विकायचे, फक्त त्या दिवशीचा भाव टॅक्स कापून ७,००० च्या वर आहे ना एवढं बघायचं. हँड इन द सँड क्वेस्ट झाली असेल तर वाळूच्या ८४ बादल्या रोज फुकट मिळतात, त्या पण सोडू नको. मिसलेनियाचं राज्य पण असंच मागे चालणारं काम आहे, पण त्याला क्वेस्ट बऱ्याच लागतात आणि तिजोरीत आधी मोठी रक्कम टाकून ठेवावी लागते, ते सहा महिन्यांनी बघू.

तर तुझा दिवस असा: सकाळी चहा होईस्तोवर एक रन आणि बॅटलस्टाफ, कॉलेजवरून आल्यावर दुसरा, रात्री जेवणाआधी तिसरा, झालं. प्रत्येक रन दहा मिनिटांच्या आत. दिवसाचे चार-पाच रन केले तर जास्त मिळेल हे खरं आहे, पण मी तीनच सांगतेय कारण तीन तू परीक्षेत पण करशील. आणि रात्री जे तीन-चार तास तू विलोला देत होतास ते परत तुझे झाले, त्यातला थोडा वेळ क्वेस्टना दे, नाहीतर झोप.

माझ्याकडे मेंबरशिपला पैसे नाहीत, घरी मागू पण शकत नाही. फुकटवाल्या अकाउंटवर गोल्ड जमवून बॉन्ड घेता येतो असं मित्र म्हणतो. किती दिवसांत होईल? — अकरावीतला विद्यार्थी, शिरपूर

बॉन्ड म्हणजे काय ते आधी बाकीच्यांसाठी सांगते: कोणीतरी खऱ्या पैशाने विकत घेऊन तो जीईवर विकतो, आपण जीपी देऊन घ्यायचा, आणि वापरला की १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. मित्र म्हणतो ते नियमात बसतं, त्यात काही गैर नाही. पण भाव बघ रे, गेल्या काही वर्षांत तो कोटी जीपीच्या पुढे गेलाय आणि फुकटच्या अकाउंटवर चांगली मानली जाणारी कामं पण तासाला त्याच्या खूप खूप खाली राहतात. म्हणजे १४ दिवसांसाठी तुझे कितीतरी दिवस जातील, आणि ते १४ दिवस संपले की परत तिथेच. अकरावीच्या वर्षात हे करू नकोस असं मी स्पष्टच सांगते.

फुकट खेळायचं तर मजेत खेळ, आणि रुटीन लहान ठेव. नवीन अकाउंटला सुरुवातीला विक्रीवर बंधनं असतात, २० तास खेळणं, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० झाली की ती सुटतात, तोवर गोल्डच्या मागे लागूच नको, क्वेस्ट कर. मग लंब्रिजच्या गाईंची कातडी अल खरिदच्या चांभाराकडे कमवून घ्यायची, मऊ चामड्याला १ जीपी आणि कडक चामड्याला ३ जीपी मजुरी, आणि जीईवर विकायची. मॅजिक ५५ झाली की हाय अल्केमी येते, वस्तू जीईवर घेऊन तिचं सोन्यात रूपांतर करायचं, दर वेळी एक नेचर रून (जादूला लागणारा दगड) जाते, म्हणून वस्तूची किंमत अधिक नेचर रूनची किंमत ही अल्केमीच्या रकमेपेक्षा कमी असली तरच करायचं. यासाठी दिवसाला अर्धा तास भरपूर झाला. कॉलेज संपल्यावर स्वतः कमवायला लागशील तेव्हा महिन्याची मेंबरशिप घे, तुझं अकाउंट आणि लेव्हल तेव्हा पण तिथेच असणारेत.

टेलिग्रामवर एक जण स्वस्तात गोल्ड देतो म्हणतो, यूपीआयने पैसे टाकायचे. आणि ऑटोक्लिकर (आपोआप क्लिक करणारं सॉफ्टवेअर) लावून रात्रभर चालू ठेवलं तर पकडतात का? — अमळनेर

दोन्हीला नाही. खऱ्या पैशाने बाहेरून गोल्ड घेणं आणि विकणं हे गेमच्या नियमात सरळ बंद आहे, ऑटोक्लिकर पण बंद आहे, अकाउंट बॅन होतं आणि त्याच्यासोबत तुझे सगळे महिने जातात. आणि टेलिग्रामवाल्याने यूपीआय घेऊन गोल्ड दिलंच नाही तर तू तक्रार कोणाकडे करणार? जीईच्या चौकात "पैसे डबल करून देतो" म्हणून ओरडणारे पण असतात, ते पहिल्यांदा थोडे डबल करून देतात आणि मोठी रक्कम दिली की गायब, त्यांच्याशी ट्रेड उघडू पण नकोस. आजच गेममधल्या बँकेला पिन लाव आणि अकाउंटला ऑथेंटिकेटर (लॉगिनला लागणारा जादा कोड) लाव, रुटीनच्या आधी हे.

मी भुसावळहून लिहितेय. माझा मुलगा दहावीला आहे आणि रोज पहाटे साडेपाचला गजर लावून उठतो, मला वाटलं अभ्यासाला उठतोय, तर गेम. विचारलं तर म्हणतो गोल्ड कमवतोय, रीसेट असतो. पेपरात ऑनलाइन जुगाराचं वाचते तर जीव घाबरा होतो. हे तसलंच आहे का? — एक आई

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे, आणि तुम्ही मोबाइल हिसकावून न घेता आधी विचारताय हे मला फार आवडलं. तर सरळ उत्तर: पैसे लावून पैसे जिंकायचे, रमी वगैरे, तशातला हा गेम नाही. ऑगस्ट २०२५ मधे संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा आहे, इथे मुलगा जे गोल्ड जमवतो ते गेमच्या आतच राहतं, कंपनी त्याचे रुपये करून देत नाही, आणि बाहेर विकणं नियमात बंद आहे. पूर्वी यात ड्युएल अरेना नावाची जागा होती, तिथे खेळाडू एकमेकांत गोल्डची पैज लावायचे, ती २०२२ मधे कंपनीने कायमची बंद केली.

तरी पण पैशाचा एक रस्ता उघडा असतो, मेंबरशिप आणि बॉन्ड खऱ्या पैशाने घेता येतात. म्हणून मोबाइलवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमधे प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा आणि तो पासवर्ड आणि यूपीआयचा पिन तुमच्याकडेच ठेवा. मुलाला सांगून करा, लपून नको.

आणि आता तुमच्या मुलासाठी, हे त्याला वाचायला द्या: बाळा, साडेपाचला उठायची काहीच गरज नाहीये. रीसेट साडेपाचला होतो याचा अर्थ त्या दिवसाचा कोटा तेव्हा उघडतो, तो दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत उघडाच असतो, झॅफ संध्याकाळी सातला पण तेवढेच बॅटलस्टाफ देतो जेवढे पहाटे देतो. हर्बपण लावून ठेवलेलं जसंच्या तसं थांबतं. दहावीच्या वर्षात संध्याकाळी एकच रन ठेव, दहा मिनिटं, आईच्या समोर बसून. पहाटेची वेळ तुझ्या अभ्यासाची आहे आणि झोपेची आहे, ती या गेमला द्यावी इतकं यात काही नाही, आणि हे मी गेमवर मनापासून प्रेम करणारी म्हणून सांगतेय.

ताई, संध्याकाळी तो खेळत असताना एकदा त्याच्या शेजारी बसा, काय लावलं, केवढ्याला गेलं विचारा. पोरं फार भरभरून सांगतात.

नोकरी आहे, शेतं-बितं फिरायला वेळ नाही. फक्त जीईवर स्वस्त घेऊन महाग विकून रोजची कमाई होईल का? — धुळे

होईल, पण दोन गोष्टी पाठ करून मग उतरा. एक, प्रत्येक वस्तूला चार तासांत किती नग घेता येतील याची मर्यादा असते, म्हणून सगळं भांडवल एकाच वस्तूत जातच नाही, मेंबरला ऑफरचे ८ खाने मिळतात (फुकटवाल्याला ३) ते वेगवेगळ्या वस्तूंना वाटा. दोन, २ टक्के टॅक्स विकणाऱ्याला बसतो, म्हणजे १,००० ला घेतलेली वस्तू १,०२० ला विकलीत तर हातात काहीच उरत नाही, १,०२१ पासून पुढे नफा. नवीन लोक दहा-पंधरा जीपीचा फरक बघून खूष होतात आणि प्रत्यक्षात तोट्यात असतात. ५० जीपीच्या आतल्या वस्तूंना टॅक्स नाही, तिथे फरक लहान असला तरी चालतो, तीर, रून असल्या वस्तू हजारोंनी जातात.

सकाळी ऑफिसला निघताना ऑफर लावा, दुपारच्या डब्याला एकदा बघा, रात्री एकदा. मधे मधे उघडून भाव बदलत बसू नका, त्याने फार काही मिळत नाही आणि कामात लक्ष लागत नाही. आणि रोज खूप खपणाऱ्या वस्तूच घ्या. एखादी दुर्मिळ वस्तू घेतली आणि भाव पडला तर, रावेरला केळीच्या गाड्या एकदम उभ्या राहिल्यावर शेतकऱ्याचं जे होतं तेच, माल हातात आणि घेणारा नाही. फक्त इथला माल सडत नाही, म्हणून घाबरून तोट्यात विकू नका, थोडं थांबा.

ताई, मना मोबाइल जुना शे, आन गावात नेट कधी येतं कधी जातं, लाइटचं पण तसंच. वेळेवर रन होतच नाही, पीक मरी जाई का? — तळोदा तालुका, नंदुरबार

नाही भाऊ, उशिराने काही मरत नाही. पीक मरतं ते वाढीच्या काळात रोग लागून, आणि ते तू ऑनलाइन असलास नसलास तरी सारखंच आहे, त्याला उपाय अल्ट्राकंपोस्ट, आणि पुढे ट्रोल स्ट्राँगहोल्ड आणि वाइसची शेतं उघडलीस की तिथे रोग लागतच नाही. एकदा तयार झालं की दोन दिवसांनी गेलास तरी उभंच असतं. तुझ्यासारख्याने ८० मिनिटांचं गणित सोडूनच दे, नेट आलं की रन, असं ठेव, दिवसाला एक झाला तरी चालेल.

फक्त एक काळजी घे, नेट कच्चं असताना जिथे मारामारी आहे तिथे जाऊ नको, लढाईच्या मधे कनेक्शन गेलं की तुझा माणूस तिथेच उभा राहून मार खातो. शेतावर, बर्डहाउसला, जीईवर तसली भीती नाही. आणि बियाणं आणि खत एका वेळी चार-पाच रनचं घेऊन बँकेत ठेवून दे, म्हणजे दहा मिनिटं नेट मिळालं तरी ती सगळी रनला जातील, खरेदीत नाही.